ईरा गोखलेच्या मधल्या रकान्यात काय लिहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाळंतपण न्यू जर्सीत, मुलगी आहे हे कळलंय, नाव ईरा नक्की, आडनाव गोखले. मधे बाबाचं नाव (आदित्य) लावायचं, आजीचं (सुमती किंवा नलिनी), की तुमचं माहेरचं देशपांडे? त्यात पुण्याहून आईचा निरोप, की आता इकडे आईचंही नाव लावतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. आजीचं लावा.

आधी कानाचं बघू. ‘ईरा आदित्य गोखले’ जरा भरभर म्हणून बघा. ‘ईरादित्य गोखले’ ऐकू येतं. आकारान्त नावापुढे अ किंवा आ आला की जीभ संधी करून मोकळी होते. पूजा आनंदची पूजानंद होते तसंच. आपल्या मुलींची इतकी नावं आकारान्त असतात, तरी हे बारशाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात येत नाही. सुमती काय, नलिनी काय, दोन्ही व्यंजनाने सुरू होतात, म्हणून ईरा सुटी राहते. शाळेत वृत्तं शिकला असाल तर लगावली मांडा (लघु अक्षराला ल, गुरूला गा): ईरा गागा, सुमती ललगा, गोखले गालगा. मधली दोन लघु अक्षरं पटकन सरकतात आणि आडनावावर नीट येऊन टेकता येतं. नलिनीसुद्धा ललगाच, त्यामुळे त्या बाबतीत दोघी आज्या बरोबरीत.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. आय-आर-ए असं स्पेलिंग करणार असाल तर थांबा. अमेरिकन माणूस ते ‘आयरा’ वाचतो, आणि आयरा हे तिथे जुनं पुरुषी नाव आहे (गीतकार आयरा गर्श्विन आठवा). शिवाय फॉर्मवर कॅपिटलमध्ये तीच तीन अक्षरं म्हणजे निवृत्तीचं खातं! त्यापुढे आदित्य लावलंत तर कागदावर मुलगी आहे याचा मागमूस उरत नाही. दोन ई घालून लिहा, उच्चार बराचसा जागेवर राहील. पूर्ण नावाची इंग्रजी आद्याक्षरंही एकदा जोडून वाचा. तुमच्याकडे सगळं ठीक आहे, पण प्रिया इंदुमती गोखले असतं तर शाळेत वर्षभर डुक्कर म्हणून चिडवलं असतं.

बाबाचं नाव नको म्हटल्यावर सासरी भुवया उंचावतील, म्हणून त्याचं उत्तर तयार ठेवा. आपल्याकडे मुलीचा मधला रकाना तिचा असा कधी नव्हताच. आधी वडील, लग्नानंतर नवरा. कित्येक घरांत तर ताटात तांदूळ पसरून अंगठीने पहिलंही नाव नवं लिहायचे. अमेरिकेत मधलं नाव हे मुलीचं स्वतःचं दुसरं नाव असतं, ते लग्नाने आपोआप बदलत नाही. मग तिथे तिचंच काहीतरी का असू नये? बाबा कुठे हरवत नाहीत. जन्मदाखल्यावर आईवडील दोघांची नावं असतात, पुढे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) काढाल तेव्हा वडिलांच्या नावाची वेगळी जागा असते.

देशपांडे मात्र मधे नको. अमेरिकन लोकांत आईचं माहेरचं आडनाव मधे घालायची पद्धत आहे खरी, पण मराठी कानाला ‘ईरा देशपांडे गोखले’ म्हणजे माधुरी दीक्षित नेने. पाळण्यातल्या मुलीचं लग्न लागलेलं दिसतं.

आईच्या निरोपाबद्दल: महाराष्ट्र सरकारचा निर्णय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी आहे, सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला तो मनापासून आवडला. पण न्यू जर्सीच्या दाखल्याला तो लागू नाही. तरी हौस असेल तर मधे दोन नावं लिहिता येतात. सोशल सिक्युरिटी कार्डावर (अमेरिकन सरकारच्या ओळख क्रमांकाचं कार्ड) पहिल्या आणि मधल्या नावाला मिळून 26 अक्षरांची जागा असते, त्यात तीन नावं सहज मावतील. त्रास होतो तो विमानाच्या तिकिटावर. तिथे पहिलं आणि मधलं नाव बऱ्याचदा एकत्र चिकटून छापलं जातं, तीन नावांची आगगाडी झाली की काउंटरवर कुणी ना कुणी अडतंच.

मग सुमती की नलिनी? सुमती सासूबाई, आता हयात नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. पूर्वी आजीचं नाव नातीला ठेवलं तरी घरात दुसऱ्याच नावाने हाक मारायचे, कारण सुनेने सासूचं नाव घ्यायचं नाही. मधल्या नावात ती अडचण नाही. नाव कागदावर राहतं, हाक ईराच. अमेरिकन तोंडी त्याचं ‘सुमाटी’ होईल, नलिनी जास्त शाबूत राहील, हे खरं. पण मधलं नाव मोठ्याने वाचलं जाणार ते पदवीदान समारंभात, तेवढं चालवून घ्या. नलिनीआजी हयात आहेत, नातीचे लाड स्वतः करतील. मी सुमती निवडलं असतं.

आणि हे आत्ताच ठरवा. इथे बारसं बाराव्या दिवशी, दाखल्यात नाव घालायला तर वर्षभर मुभा. तिकडे हॉस्पिटलवाले सहसा घरी सोडायच्या आधी, म्हणजे दोन-तीन दिवसांतच, फॉर्म भरून घेतात आणि सोशल सिक्युरिटी नंबरचा अर्जही त्यातूनच जातो. नंतर बदलायचं तर दाखला, कार्ड, पासपोर्ट सगळीकडे पत्रव्यवहार. म्हणून पूर्ण नाव इंग्रजीत कॅपिटलमध्ये लिहून हॉस्पिटलच्या बॅगेत ठेवा, आणि त्याचा फोटो आदित्यच्या फोनमध्येही. तुम्हाला तेव्हा स्पेलिंग तपासायचं त्राण नसणार. पाळण्यात आत्याला कानात आणखी चार नावं सांगू द्या की, ती कुठल्याच फॉर्मवर जात नाहीत.