तार कापण्याआधी बागेकडे बघा

प्रश्न : तासगावजवळ आमचं शेतातलं घर आहे. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना मिळाल्यावर ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी घरीच डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन बाजूंची तारेची अँटेना) केला. घरातल्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची वायर, प्रत्येक बाजू १०.०७ मीटर. मध्य गच्चीवरच्या पाइपावर, एक टोक लिंबाला, दुसरं दोरीने द्राक्षबागेच्या अँगलला. उसन्या नॅनो व्हीएनएवर (अँटेना तपासायच्या छोट्या यंत्रावर) ७.१ ला एसडब्ल्यूआर (शक्ती किती परत फिरते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) ३.२ येतो, ६.७८ ला मात्र १.४. केबलला हात लावला की आकडे हलतात. यंत्र बिघडलंय, की जुळणी करून देणारा ट्यूनर घ्यावा लागेल?

उत्तर : यंत्र ठणठणीत आहे आणि ट्यूनरचे पैसे खिशातच राहू द्यात. आलेखातली दरी, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी असतो ती जागा, ६.७८ ला दिसतेय, म्हणजे वायर लांब पडलीय, एवढंच. तुम्ही एकूण लांबीसाठी १४३ भागिले ७.१ केलेलं दिसतं. ते उघड्या तारेला ठीक. वायरिंगच्या वायरवर पीव्हीसी असतं, त्यामुळे लहर जरा मंदावते आणि कमी लांबीतच काम भागतं.

पण लगेच पक्कड घेऊ नका. मला खटकतंय ते बागेकडचं टोक. मांडवाच्या तारा लोखंडी, आणि डायपोलच्या टोकाशी व्होल्टेज सगळ्यात जास्त. टोक त्या तारांवर हातभर अंतराने लोंबत असेल तर दोघांमध्ये कपॅसिटर तयार होतो आणि दरी आणखी खाली घसरते. शिवाय तुम्ही माइकवर बोलत असताना कुणी ते धरलं तर चटका बसेल. छाटणीला माणसं येतातच की. अँगलला उंच बांबू बांधा, टोक तारांच्या निदान दोन-तीन मीटर वर न्या आणि नव्याने मोजा. आधी कापून मग उचललंत, तर वायर आखूड पडेल आणि जोड देत बसाल.

समजा दरी जागची हललीच नाही. मग २०.१४ गुणिले ६.७८ भागिले ७.१, म्हणजे १९.२३ मीटर. दर बाजूला साधारण ४५ सेंटिमीटर जास्त. त्यातले ३० च दुमडा, वायरवरच पीळ देऊन, दोन्हीकडे सारखे. पुन्हा मोजा. कापायचं सगळ्यात शेवटी.

हात लावल्यावर आकडे हलतात, कारण केबलच्या बाहेरच्या जाळीवरूनही करंट वाहतोय. केबलच अँटेना झालीय. मध्याशी, जोडणीच्या लगेच खाली, ३१ मिक्सच्या (फेराइटचा एक प्रकार) मोठ्या फेराइट रिंगवर केबलचे दहा-बारा वेढे घ्या. मोजताना ५ ते ९ मेगाहर्ट्‌झ ही पट्टी आधी ठरवा, मग ओपन, शॉर्ट, लोड जोडून यंत्राचं कॅलिब्रेशन करा. पट्टी बदलली की कॅलिब्रेशन पुन्हा.

आणि १.० चा हट्ट नको. २ ला जेमतेम ११ टक्के शक्ती परत फिरते. ७.० ते ७.२ मध्ये दीडच्या आसपास आलात की बोलायला लागा.

उलट सगळीकडेच छान आकडा दिसला तर संशय घ्या. साताऱ्यात माझ्या घरी एका पावसाळ्यानंतर ५ पासून १० पर्यंत कुठेही दीडच्या वर एसडब्ल्यूआर जाईना. मी आठवडाभर खूश. ऐकू मात्र कुणालाच जात नव्हतो. शेवटी केबलचं वरचं टोक सोडवून मोकळं ठेवलं आणि मोजलं, तरी दोनच्या आतच! मोकळ्या टोकाला आकडा आभाळाला भिडायला हवा. केबल कापली तर आतली जाळी काळीठिक्कर, आणि बोटावर पाण्याचा थेंब आला. सगळी शक्ती ती केबलच गिळत होती. तुमचीही एकदा वरचं टोक मोकळं ठेवून तपासा.

सध्या वळवाचे दिवस आहेत. ढग गडगडायला लागले की मोजणी बंद, केबल घराबाहेर. आभाळ कोरडं असलं तरी लांब वायरवर भार साठतो, म्हणून केबलचा मधला पिन आणि बाहेरचं कवच क्षणभर एकमेकांना टेकवा, मगच यंत्राला जोडा. उसनं आहे ना ते.