गरम नळीची जाडी स्पर्श न करता मोजायची तर लेसर घ्यावा की अल्ट्रासाउंड?

तुम्ही विचारलंय की चालत्या लाइनवर पत्र्याची आणि गरम नळीची जाडी हात न लावता कशानं मोजावी. मी याच कामात आहे, म्हणून आधी एक उलट प्रश्न: मालाच्या दोन्ही बाजूंना सेन्सर लावायला जागा आहे का?

पत्र्याला असते. तिथे लेसर घ्या. वर एक, खाली एक सेन्सर, प्रत्येक जण पत्र्यापर्यंतचं आपलं अंतर वाचतो. दोघांमधल्या अंतरातून दोन्ही रीडिंग वजा केली की उरते ती जाडी. पत्रा फडफडतो, म्हणून दोघांनी एकाच क्षणी वाचायला हवं. पण खरा दगा देते ती सेन्सर धरणारी चौकट. तिचा 30 सेंमी उंचीचा स्टीलचा भाग 10 अंशांनी तापला, तर सेन्सरमधलं अंतर सुमारे 36 मायक्रॉननी वाढतं. पत्रा तोच असतो, रीडिंग मात्र तेवढं पातळ येतं. माहीत असलेल्या जाडीचा तुकडा मधेमधे सेन्सरखाली धरून बघत राहा, हे टाळू नका.

नळीचं तसं नाही. या दोहोंपैकी आतल्या भिंतीपर्यंत फक्त आवाज, म्हणजे अल्ट्रासाउंड, पोहोचतो. साध्या प्रोबला (धातूला टेकवायच्या अल्ट्रासाउंड सेन्सरला) मधली हवा घालवायला जेल लागतं, कारण हवेतून येणाऱ्या ध्वनीची ऊर्जा स्टीलमध्ये लाखात तीन-चार भागच शिरते, आणि बाहेर पडतानाही तीच गत. तापलेल्या नळीवर जेल टिकणार कसं?

म्हणून तिथे लेसर-अल्ट्रासाउंड. काही नॅनोसेकंदांचा लेसरचा झोत पडतो, तेवढा ठिपका एकदम तापतो, फुगतो, आणि त्या धक्क्यानं लहर धातूतच जन्मते. ती आतल्या भिंतीवर आपटून परतली की पृष्ठभाग अगदी किंचित, नॅनोमीटरच्या हिशोबात हलतो; दुसरा लेसर ते इंटरफेरोमीटरनं (प्रकाशलहरींच्या तुलनेतून सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या उपकरणानं) टिपतो. ही पद्धत पहिल्यांदा समजली तेव्हा मला खरोखर भारी वाटली होती. 10 मिमी स्टीलमध्ये हा जाऊन-येऊन प्रवास सुमारे 3.4 मायक्रोसेकंदांचा. वेळ गुणिले वेग, भागिले दोन.

चूक होते ती वेगात. थंड स्टीलमध्ये तो सेकंदाला 5,900 मीटरच्या आसपास असतो, तापलं की घटतो. लालभडक नळीला थंड स्टीलचा वेग लावलात तर भिंत आहे त्याहून जाड दिसेल, आणि पातळ नळी बिनधास्त पास होईल. तेव्हा शेजारी पायरोमीटर (स्पर्श न करता तापमान मोजणारं उपकरण) बसवा आणि त्याच तापमानाचा वेग हिशोबात घ्या. झोत बहुतेकदा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असतो. बंद कवचाशिवाय तो चालू करू नका.