आई गेली, पण रडू आलं नाही

“मॅडम, आई जाऊन पाच महिने झाले. मला अजून एकदाही रडू आलेलं नाही. माझ्यात काही बिघाड आहे का?”

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतो. विचारणारे बहुधा पुरुष असतात, आणि त्यांना कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं. अविनाशना (नाव आणि तपशील बदललेत) दहाव्याच्या दिवशी घाटावर काकू म्हणाल्या होत्या, “कावळा लगेच शिवला, पण लेकाच्या डोळ्यात टिपूस नाही.”

वय ४७, बँकेत ऑडिटचं काम. पहिल्या भेटीला चक्क फाइल घेऊन आले. “पेशंटची शुगर ३८० होती. ईसीजीत बदल होते. पहाटे चार वीसला डिक्लेअर केलं, साडेसातला बॉडी ताब्यात मिळाली.” मग मृत्यूचा दाखला, नॉमिनीचे फॉर्म, गावच्या जमिनीसाठी वारस नोंदीचा अर्ज. सगळं महिन्याच्या आत. पाऊण तास ते बोलत होते. सुरुवातीचा तो प्रश्न सोडला तर ‘आई’ हा शब्द पुन्हा आला नाही. सगळीकडे ‘पेशंट’.

घटना लख्ख आठवते, पण तिला चिकटलेली भावना बाजूला काढून ठेवलेली असते. मनाच्या संरक्षण यंत्रणांपैकी ही एक. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९४ मध्ये मनाच्या अशा बचावाबद्दल लिहिलं आणि त्यांची मुलगी ॲना फ्रॉइड यांनी १९३६ च्या पुस्तकात या यंत्रणा नीट मांडल्या. आपण हे ठरवून करत नाही, ते आपोआप होतं. ‘नाकारणं’, ‘राग भलत्यावर काढणं’ अशी नावं वाचली की लोकांना ते दोष वाटतात. मला घरातला एमसीबी, म्हणजे विजेचा सुरक्षा खटका आठवतो. लोड झेपेना की तो पडतो. पडतो म्हणून तर वायरिंग वाचतं.

हे सगळं माहीत असून मी दुसऱ्या भेटीत चूक केली. तो खटका वर ढकलायला गेले. “तुम्ही आईंना पेशंट म्हणताय, लक्षात आलं का?” अविनाशनी घड्याळ पाहिलं, फाइल बंद केली, “बरोबर आहे तुमचं” म्हणाले आणि पुढच्या दोन वेळा आलेच नाहीत. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही घाई होते.

परत आले ते बायकोच्या आग्रहामुळे. घरी ताट भिरकावलं होतं. कारण? चौदा वर्षांच्या मुलाने घशाच्या इन्फेक्शनच्या गोळ्यांचा कोर्स दोन दिवस आधीच सोडला. “एवढ्यावरून मी असा कसा वागलो, मलाच कळत नाही,” ते म्हणाले. या वेळी मी गप्प बसले. फॉर्मवर सही करायला पेन हवं म्हणून त्यांनी बॅगेतून एकेक वस्तू टेबलावर काढली. त्यात एक प्लास्टिकची डबी होती, आठवड्याच्या गोळ्यांची, वारांचे खण असलेली. रवि ते बुध रिकामे. गुरू, शुक्र, शनी भरलेले.

“हे टाकायचं राहिलंय,” ते म्हणाले.

वारस नोंद महिन्यात उरकणाऱ्या माणसाचं तीन दिवसांच्या गोळ्या टाकायचं पाच महिने राहिलं होतं. मी फक्त विचारलं, “कोण भरायचं ही?”

“मीच. दर रविवारी.” मग बराच वेळ काही नाही. मग खाली बघत, “बुधवारी रात्री आई म्हणाली, कसंतरी होतंय, मळमळतंय. मी म्हटलं, ॲसिडिटी असेल, सकाळी बघू.” लगेच आवाज सरळ झाला आणि ते मला समजावू लागले, की मधुमेह असलेल्यांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखतंच असं नाही. माहिती बरोबरच होती. त्यांनी रात्र रात्र जागून वाचली होती. त्या वाचनाच्या आड ते बसून होते, इतकंच.

पुढच्या भेटींत आम्ही एकाच वाक्यावर काम केलं : ‘मला त्या रात्री कळायलाच हवं होतं.’ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत (आरईबीटी) या ‘च’ला धरतात. कळलं असतं तर बरं झालं असतं, ही इच्छा. तिच्यापोटी दुःख येतं, आणि ते येऊ द्यायचं असतं. कळायलाच हवं होतं, हा हट्ट. त्याच्यापोटी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं येतं. ऑडिटरला मी ऑडिटरच्याच भाषेत विचारलं, “मार्चअखेरची माहिती हातात धरून तुम्ही ऑक्टोबरमधल्या नोंदीला दोष द्याल का?” पहिल्यांदाच हसले. “नाही देता येत.”

आता मूळ प्रश्न. रडू न येणं हा बिघाड नाही. कित्येकांना रडू येत नाही आणि त्यांचं आत काही तुंबलेलंही नसतं. त्यांना उगाच खणत बसू नये, नातेवाइकांनी तर नाहीच. मी डोळे बघत नाही. झोप कशी आहे, चिडचिड कुणावर निघते, एखादी वस्तू हातावेगळी होत नाहीये का, ते विचारते. सहा महिने-वर्ष उलटूनही रोजचं जगणं अडलेलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावंच. आणि जगणं नको वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये; टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

अविनाशनी मुलाची माफी मागितली. गोळ्या काढल्या, डबी ठेवली. शेवटच्या भेटीत जाता जाता, दारात उभं राहून म्हणाले, “परवा सिग्नलला आलं बरं का, रडू. स्कूटरवर. आईला औषधं आणायचो ते दुकान शेजारीच होतं.”

“मग?”

“मग काय, हेल्मेट होतं. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले.”