‘राक्षसी प्रेमकथा’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे : इंग्रजीत सध्या ‘मॉन्स्टर रोमान्स’ नावाचा कादंबरीप्रकार जोरात आहे. नायक माणूस नसतो. शिंगांचा, पंखांचा, शेपटीचा कुणी तरी असतो, आणि वागायला धड चांगला नाही, धड वाईट नाही. परीक्षण मराठीत लिहायचं तर याला ‘राक्षसी प्रेमकथा’ म्हणावं का? आणि अशा, म्हणजे ‘मोरली ग्रे’, नायकाला ‘करडा नायक’ चालेल का?

माझं मत, दोन्ही नकोत.

‘राक्षसी’ हे विशेषण मराठीत राक्षसापासून केव्हाच सुटलं आहे. राक्षसी बहुमत, राक्षसी भूक, राक्षसी महत्त्वाकांक्षा यांत राक्षस कुठेच नाही. आहे तो अवाढव्यपणा किंवा क्रौर्य. शिवाय राक्षसी म्हणजे राक्षसीण. ‘राक्षसी प्रेमकथा’ वाचून कुणाला हिडिंबा आठवेल, कुणाला एकतर्फी प्रेमातला हल्ला. ‘अमानुष’चंही तेच. शब्दशः तो अगदी चपखल, पण आपण म्हणतो ‘अमानुष मारहाण’. ‘मानवेतर’ निर्दोष आहे खरा, पण तो जीवशास्त्राच्या पुस्तकातला. त्यात ना भीती ना ओढ.

मग उरतं ते नाम, राक्षस. आणि ते ‘मॉन्स्टर’पेक्षा या प्रकाराला जास्त शोभतं, असं मला मनापासून वाटतं. ‘मॉन्स्टर’च्या मुळाशी लॅटिन ‘मॉन्स्ट्रम’ आहे, म्हणजे अपशकुन, दैवी इशारा. राक्षसाचं नातं मात्र ‘रक्ष्’ धातूशी सांगतात. ज्याच्यापासून जपायचं तो राक्षस, ही एक व्युत्पत्ती. रामायणाच्या उत्तरकांडातली कथा नेमकी उलटी : ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केलं, ते राखायला प्राणी निर्माण केले, त्यांतले काही ‘रक्षामः’, आम्ही राखू, म्हणाले, ते राक्षस झाले. ज्याची भीती तोच राखणारा. या कादंबऱ्यांचा सगळा डोलारा याच ताणावर तर उभा असतो.

हा ताण कोकणात अजून जिवंत आहे. आमच्या मालवणकडच्या घरी दिवेलागणीनंतर आजी देवचाराचं, म्हणजे गावच्या राखणदार भुताचं, नाव घेत नसे, नुसतं ‘तो’ म्हणायची. हाच ‘तो’ रात्री शिवेवरून फिरतो आणि चुकलेल्याला वाटेला लावतो, असंही तीच सांगायची. वर्षाकाठी त्याला राखण, म्हणजे त्याचा मान, द्यायची, गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत मात्र ‘देंवचार’ म्हणजे सरळ सैतान. एकच शब्द, एका घरात राखणदार, शेजारच्या घरात सैतान.

या कादंबऱ्यांत ‘डार्क’ म्हणून ज्या वेगळ्या सांगतात, त्यांत बहुधा अपहरण, कैद, जबरदस्ती असते. तिथे ‘राक्षसविवाह’ हा जुना शब्द आठवणारच. पण सांभाळून वापरा. मनुस्मृतीतल्या आठ विवाहांपैकी हा एक : घरच्यांना मारून, आक्रोश करणाऱ्या मुलीला बळाने पळवून नेणं. करणारी माणसंच, क्षत्रियांना तो विहितही धरलेला. नाव तेवढं राक्षसाचं. आणि महाभारतातली खरी राक्षसीण काय करते? भावाने पांडवांना मारून आणायला पाठवलेली हिडिंबा भीमावर भाळते, त्याला सगळं खरं सांगते, आणि पुढे कुंतीपाशी येऊन रीतसर परवानगी मागते. युधिष्ठिर अट घालतो, दिवसा भीम तुझा, रात्री आमच्यात परत. तेव्हा कथेत जबरदस्ती असेल तर परीक्षणात ‘जबरदस्ती’ हाच शब्द लिहा. तिला संस्कृत नावाचं पांघरूण घालू नका.

आता ‘करडा’. मराठीत नजर करडी असते, शिस्त करडी असते. ‘करडा नायक’ म्हटलं की मला कडक हेडमास्तर दिसतात. ‘करड्या छटेचा’ समीक्षेत रुळतोय, छटा शब्दामुळे तो निभावतोही, पण आपल्या नाट्यशास्त्राकडे याहून नेमका शब्द आहे : धीरोद्धत. ‘दशरूपक’ या नाट्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात धनंजयाने त्याची लक्षणं दिली आहेत : दर्प आणि मत्सराने भरलेला, माया आणि कपट करणारा, अहंकारी, चंचल, चंड, बढाईखोर. हे नायकाच्या चार प्रकारांतल्या एकाचं वर्णन आहे, आणि तोच ग्रंथ प्रतिनायकालाही, म्हणजे नायकाच्या शत्रूलाही, धीरोद्धतच म्हणतो. भरताच्या ‘नाट्यशास्त्र’ ग्रंथात तर देवांना या वर्गात बसवलंय. खलनायक म्हटलं की दार बंद होतं. धीरोद्धत म्हटलं की तो नायकही राहतो आणि भीतीही.

तेव्हा शीर्षकात ‘राक्षसनायकाची प्रेमकथा’ लिहा, मजकुरात त्याला धीरोद्धत म्हणा, पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ द्या. आणि नायिकेचं काय होतं ते सांगायला ‘झपाटणं’ आहेच. भुतानेही झपाटतात, प्रेमानेही, क्रियापद एकच.