जादा मीटर बसवले म्हणून विमा कंपनी क्लेम नाकारू शकते का?

प्रश्न: माझ्या सहा वर्षं जुन्या डिझेल गाडीत मी ऑइल प्रेशर, इंजिनचं तापमान आणि व्होल्टेज दाखवणारे तीन जादा मीटर ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतले. आठ महिन्यांनी दारात उभ्या असलेल्या गाडीच्या डॅशबोर्डखालून आग लागली. पॅकेज पॉलिसी चालू होती, तरी 'अनधिकृत इलेक्ट्रिकल फेरफार, कंपनीस कळवले नाही' असं पत्र देऊन क्लेम नाकारला. आरटीओची कारवाईही होईल, असं सर्व्हेअर म्हणतो. गॅरेजवाला डॅशबोर्ड खोलायची घाई करतोय. इलेक्ट्रिशियनवर केस करू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी गॅरेजवाल्याला कळवा की डॅशबोर्डला हात लावायचा नाही. व्हॉट्सॲपवर लिहून कळवा, म्हणजे पुरावा राहील. जागेचं भाडं मागितलं तर द्या आणि पावती घ्या. तुमचं प्रकरण त्या जळक्या वायरींवर उभं आहे, आणि त्या एकदा भंगारात गेल्या की कंपनी म्हणेल ते खरं ठरेल.

तीन मीटर असले तरी पुरवठा सहसा एकाच ठिकाणाहून घेतात आणि तिघांना वाटून देतात. तिघांना मिळून वीज इतकी थोडी लागते की तीन ते पाच अँपिअरचा एक फ्यूज पुरतो. हा पुरवठा इग्निशनच्या लाइनवरून घेतला असेल, तर किल्ली बंद असताना मीटरच्या वायरीत करंटच नसतो. मग उभ्या गाडीला त्यांच्यामुळे आग कशी लागली, याचं उत्तर कंपनीला द्यावं लागेल. थेट बॅटरीवरून घेतला असेल आणि जोडाजवळ फ्यूज नसेल, तर मात्र बाजू तुमच्यावर उलटू शकते. यातलं काय आहे ते तुम्हाला आधी कळलं पाहिजे. म्हणून एखाद्या स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. तपासणीची तारीख आणि वेळ कंपनीला ईमेलने आधी कळवा, म्हणजे 'आमच्यामागे उरकलं' असं त्यांना म्हणता येणार नाही. जोड कुठे मारला, फ्यूज उडाला की शाबूत आहे, इंजिनकडे जाणारी वायर पत्र्याच्या भोकातून रबरी बुशशिवाय नेली का, या प्रत्येकाचे फोटो काहीही सोडवण्याआधी काढा.

आता कायद्याचं. खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीत आग हा पहिलाच संरक्षित धोका आहे, आणि गाडीने आपोआप पेट घेणंही त्यात धरलेलं आहे. 'इलेक्ट्रिकल बिघाड' वगळलेला असतो हे खरं, पण बिघडलेल्या भागाचा खर्च वेगळा आणि आगीने झालेलं नुकसान वेगळं. अपवादाचं कलम लागू होतं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. जादा विद्युत उपकरणांचा विमा हवा असेल तर आयएमटी 24 हे कलम जोडून घ्यावं लागतं. तुम्ही ते घेतलं नव्हतं, म्हणून मीटरची किंमत मागू नका. तेवढ्यावरून अख्ख्या गाडीचं संरक्षण जातं, हे मला मान्य नाही. गाडीची वाजवी काळजी घेण्याची अट कंपनी पुढे करेल. पण 2010 च्या अमलेंदू साहू प्रकरणात खासगी गाडी भाड्याने देऊन पॉलिसीची अट मोडलेली असूनही सर्वोच्च न्यायालयाने 75 टक्के रक्कम द्यायला लावली होती. विमा घेताना भरलेला प्रपोजल फॉर्म मात्र काढून बघा. जादा उपकरणांबद्दल विचारलेलं असताना मीटर बसवल्यानंतरच्या नूतनीकरणात तुम्ही 'नाही' लिहिलं असेल, तर अडचण वाढेल.

आरटीओची धास्ती घेऊ नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरचा तपशील बदलणाऱ्या फेरफारांबद्दल आहे. तीन मीटरांनी त्यातलं काहीच बदलत नाही.

इलेक्ट्रिशियनवर आज केस करू नका. 'याच्या कामामुळे आग लागली' असं तुम्हीच शपथेवर लिहिलंत, तर विमा कंपनीचं काम तुम्हीच करून दिल्यासारखं होईल. त्याच्याकडून बिल घ्या, पुरवठा कुठून घेतला हे लिहून घ्या. 'माझी काही तक्रार नाही' असं मात्र त्याला लिहून देऊ नका. क्लेम दिल्यावर त्याच्याकडून वसुली करायचा हक्क कंपनीला मिळतो, आणि तुमच्या तशा चिठ्ठीने तो अडला तर ती तुमच्यावर येईल.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकारच आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो. त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. जिल्हा ग्राहक आयोगासाठी दोन वर्षं मिळतात आणि तुम्ही राहता त्या सांगलीतच तक्रार करता येते. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. मी आधी लोकपालांकडे जाईन, पण क्लेम नाकारल्याच्या पत्राची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि आयोगाची दोन वर्षं त्या वाट पाहण्यात संपू देऊ नका.