डीएचसीपी वापरताना घ्यायची काळजी
डीएचसीपी म्हणजे नेटवर्कमधील यंत्रांना पत्ते आपोआप वाटून देण्याची पद्धत. संगणक सुरू होताच ०.०.०.० (म्हणजे अजून पत्ता नाही) या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ कडे (म्हणजे नेटवर्कमधील सर्वांकडे) विनंती पाठवतो आणि डीएचसीपी सर्व्हर त्याला ठरावीक मुदतीसाठी आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर त्याला ओळखण्याचा क्रमांक, देतो. निम्मी मुदत सरली की संगणक स्वतःच ती वाढवून मागतो, म्हणून मुदतीची फार चिंता करू नका. खरी काळजी घ्यायची ती प्रिंटर आणि फाइल सर्व्हरची, कारण त्यांचे पत्ते बदलून चालत नाहीत. त्यांचे पत्ते प्रत्येक यंत्रावर जाऊन हाताने भरण्यापेक्षा डीएचसीपी सर्व्हरवरच मॅक पत्त्यानुसार (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) राखून ठेवावेत, म्हणजे सगळी नोंद एकाच ठिकाणी राहते, असे माझे ठाम मत आहे. हाताने भरणे अटळच असेल, तर वाटपासाठी ठरवलेल्या पत्त्यांबाहेरचा पत्ता निवडा. नेटवर्कमध्ये जादा वायफाय राउटर जोडताना मात्र त्यातील डीएचसीपी आधी बंद करा, कारण दोन सर्व्हर परस्पर पत्ते वाटू लागले, तर बिघाड शोधणे अतिशय जिकिरीचे होते.