होमवर्कात ‘सासूबाईंना नाही म्हणा’ असं आलंय, काय करू?

या महिन्यात थेरपीबद्दलचीच लई पत्रं आली, खानापूरपासून निपाणीपर्यंतची. त्यातली तीन इथं घेतलीत, ओळखी काढून. तिघांचं दुखणं एकाच जागी आहे: थेरपी चांगली आहे म्हणतात, खरं ती आपल्या घरात बसत नाही.

प्रश्न: ताई, मी खानापूर तालुक्यातली, वय ३१, बी.एस्सी. झालंय. मिस्टर गोव्यात कामाला, शनिवारी येतात. घरात सासू-सासरे, थोरले दीर-जाऊ, त्यांची दोन पोरं आणि माझी पोरगी. वर्ष झालं झोप नीट नाही, छातीत धडधडतं, भाकऱ्या थापताना एकदम रडू येतं. बहिणीनं पुण्यातल्या एका कौन्सेलरची ऑनलाइन सेशन लावून दिली, सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायच्या थेरपीची. मॅडम चांगल्या होत्या, खरं त्या म्हणाल्या की “मी हे केलंच पाहिजे” हा तुमच्या विचारातला दोष आहे, या आठवड्यात तीनदा सासूबाईंना सरळ ‘नाही’ म्हणा आणि काय वाटलं ते ॲपमध्ये लिहा. माझ्या तोंडातून शब्दच फुटला नाही. फोन तर दिवसभर पोरांच्या हातात, लिहू कुठं? चौथ्या सेशननंतर बंद केलं. आता वाटतंय माझ्यातच खोट आहे, नाहीतर ही थेरपी आमच्यासारख्यांसाठी नाहीच.

उत्तर: तुमच्यात खोट नाही, थेरपीतही नाही, होमवर्क चुकलाय. हे आधी पक्कं धरा, नाहीतर आधीच्या ओझ्यावर ‘थेरपीसुद्धा जमली नाही’ हे नवं ओझं चढतं आणि ते मी लई बायकांच्या बाबतीत बघितलंय.

सीबीटीचं मूळ थोडक्यात सांगते म्हणजे कुठं बिघडलं ते दिसेल. १९६० च्या दशकात अमेरिकेत, फिलाडेल्फियाला ॲरन बेक नावाचे डॉक्टर डिप्रेशनच्या पेशंटांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की पेशंटच्या मनात काही वाक्यं आपोआप येत राहतात, मी कुचकामी आहे, माझं काही होणार नाही अशी, आणि माणूस ती तपासून न बघता खरीच धरून चालतो. विचार, भावना, शरीर आणि वागणं हे चार एकमेकांना ओढत असतात, त्यातलं एक जरा हललं की बाकीचे पण हलतात. त्याच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमाराला, अल्बर्ट एलिस यांनी याच्याच जवळचं काम सुरू केलं होतं आणि ते मुंबईच्या कि. मो. फडके यांनी आयुष्यभर खपून आपल्याकडं रुजवलं, मराठीत समजावून सांगितलं. म्हणजे ही पद्धत आपल्याला अगदीच परकी नाही.

परकी आहेत ती त्यातली उदाहरणं. ज्यांनी सीबीटीत भरून घ्यायचे फॉर्म बनवले त्यांच्या डोळ्यासमोर वेगळं राहणारा, स्वतःचा पगार असणारा, आपल्या खोलीचं दार लावून घेता येणारा माणूस होता. त्या माणसाला ‘नाही’ म्हणणं ही प्रॅक्टिसची गोष्ट. तुमच्या घरात सरळ ‘नाही’ म्हणजे चार दिवसांचा अबोला, आणि तो अबोला शनिवारी मिस्टरांच्या कानावर आधी जाणार.

आता ते “केलंच पाहिजे”. सगळ्यांना वाढून मग आपण जेवायचं, सासऱ्यांचं दुखणं खुपणं आपण बघायचं, हे तुम्हाला मनापासून पटत असेल तर तो विचारातला दोष नाही, ते तुमचं मूल्य आहे आणि कुठल्याही कौन्सेलरला ते खोडायचा अधिकार नाही. पण त्या मूल्याला मागनं एक शेपूट चिकटलेलं असतं, बघा आठवून: “एक दिवस मी झोपून राहिले तर घर बंद पडेल आणि मी नालायक सून ठरेन.” तपासायचं आहे ते हे शेपूट. मागं कधी तुम्ही तापानं पडला होता तेव्हा घर बंद पडलं होतं का, जाऊबाईंनी काय केलं, सासूबाई नेमकं काय बोलल्या? इथं प्रश्न विचारायला भरपूर जागा आहे, आणि तुमच्या संस्काराला धक्का पण लागत नाही.

होमवर्क असा करून बघा. ‘नाही’ ऐवजी विचारणं: “आत्ती, आज डोकं लई धरलंय, भाकऱ्यांना जाऊबाईंना बसायला सांगू का?” विचारायच्या आधी मनात ठरवा की त्या काय म्हणतील, आणि ते किती आणे खरं वाटतंय. फॉर्मवर शंभरातले टक्के मागतात, आपल्याकडच्या बायकांना मी आणे विचारते, सोळा आणे खरं की आठ आणे. ज्या आजी टक्क्याला गप्प बसतात त्या “दहा आणे तर असंल बघ” असं पटकन सांगतात. मग प्रत्यक्षात काय झालं ते बघायचं आणि आणे परत मोजायचे. झालं, हीच ती सीबीटी.

लिहायचं तर काहीच नको. एकत्र घरात वही सापडते आणि सापडली की वाचली जाते. धडधड सुरू झाली की पदराला एक गाठ मारा, बाजार विसरू नये म्हणून मारतो तशी. रात्री गाठी सोडताना प्रत्येक गाठीला एकदाच आठवायचं, तेव्हा मनात कुठलं वाक्य होतं.

आणि सासूबाईंना विरोधी पार्टी धरू नका. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत मानसोपचार तज्ज्ञ अतिफ रहमान आणि त्यांच्या टीमनं सीबीटीवर बेतलेला एक कार्यक्रम बाळंतीण आणि गरोदर बायकांसाठी केला, तो गावातल्या आरोग्य कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन चालवला. त्यांनी ‘तू आजारी आहेस’ असं म्हटलंच नाही, बाळाची तब्येत चांगली व्हायला पाहिजे असं म्हटलं, आणि बाळाचं म्हटलं की सासू आपणहून जवळ येऊन बसते. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं वापरली. २००८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले: सहा महिन्यांनी ज्यांना हे मिळालं त्यांच्यात २३ टक्के बायकांना डिप्रेशन राहिलं, ज्यांना नुसत्याच भेटी मिळाल्या त्यांच्यात ५३ टक्के. तुमच्या घरात अशी सगळ्यांना हवी असलेली गोष्ट कुठली ते बघा, पोरगीचा अभ्यास असेल, सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ असेल, आणि तुमची झोप तिला जोडून मागा.

हे सगळं पुण्याच्या मॅडमना सांगा. फोन करून म्हणा की असा होमवर्क माझ्या घरात होत नाही, असा होतोय. चांगला कौन्सेलर यावर खूश होईल. एक मात्र वेगळं ठेवते: घरात मारहाण होत असेल किंवा तुम्हाला कोंडून ठेवत असतील तर तो विचार तपासायचा विषय नाही, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावायचा विषय आहे.

प्रश्न: मॅडम, मी बेळगावात एका हॉस्पिटलमध्ये ट्रेनी कौन्सेलर आहे. मातृभाषा मराठी, शाळा मराठी, एम.ए. इंग्रजीतनं. माझ्याकडं शहापूर-वडगावचे विणकर येतात, गोकाक-सौंदत्तीकडचे कन्नड बोलणारे येतात, कॅम्पातली उर्दू बोलणारी फॅमिली येते. मी वर्कशीट मराठीत केलं, ‘संज्ञानात्मक विकृती’ वगैरे, तर एक काका उठलेच, म्हणाले मी काय विकृत आहे काय? नेमकं काय बदलायचं आणि काय बदलायचं नाही?

उत्तर: काकांचं बरोबर आहे हो. आपल्या भाषेत विकृत हा शब्द कुणाला लावतात ते आपल्याला माहीत आहे, तो पेशंटच्या समोर कागदावर कशाला? “मनाचं फसणं” म्हणा, “एकाच बाजूनं बघणं” म्हणा. विणकर असेल तर त्याच्या मागाजवळ जा: एक धागा तुटला म्हणून तुम्ही सगळं लुगडं टाकून देता का, गाठ मारून पुढं विणता? मग एक ऑर्डर गेली तर सगळा जन्म वाया असं मन का म्हणतंय? हे त्याला फळ्यावरच्या चार गोलांपेक्षा लवकर कळतं.

बदलायचं नाही ते थोडंच आहे. विचार-भावना-शरीर-वागणं हा फेरा, पेशंटनं स्वतः करून बघणं, दर भेटीला मागच्या वेळेपेक्षा किती फरक ते मोजणं. हे काढलंत तर उरतो तो नुसता धीर, आणि धीर शेजारीण पण देते. बाकी शब्द, उदाहरणं, खोलीत कोण बसणार, किती वेगानं जायचं, कुणाला अहो कुणाला अगं, सगळं बदला.

शब्दांत मी स्वतः चुकलेय ते सांगते. गोकाककडच्या एक बाई सारखं ‘बेजार, बेजार’ म्हणत होत्या आणि मी मराठी कानानं ऐकलं, म्हणजे कामानं थकलेल्या, त्रासलेल्या. तीन भेटी मी कामाच्या वाटणीवर बोलत बसले. कन्नडमध्ये बेजार म्हणजे कंटाळा पण, मन खट्टू होणं, उदास वाटणं पण. त्यांना जगण्यातच मन उरलं नव्हतं आणि मी धुणंभांडी मोजत होते. त्या दिवसापासून सारखा वाटणारा शब्द आला की मी जास्त सावध होते, “बेजार म्हणजे तुम्हाला अंगात कसं होतं, कधी होतं” असं विचारते. आपले लोक मनाचं बोलणं शरीरातनंच बोलतात, पोटात गोळा, डोकं जड, अंगाला कापरं, त्याला ‘खरं काय ते सांगा’ म्हणू नका, तेच खरं आहे, तिथूनच सुरू करा. झिंबाब्वेत शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे लई विचार करणं, आणि तिथं डॉ. डिक्सन चिबांडा यांनी तोच शब्द धरून, दवाखान्याच्या अंगणात बाकावर आजीबायांना बसवून उपचार उभा केला. आपल्याकडं “विचार लई होतोय” हे रोज ऐकतो की.

आणि लांब कशाला, चोर्ला घाट उतरा. गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगत’ संस्थेनं मानसोपचार तज्ज्ञ विक्रम पटेल यांच्याबरोबर दहा सरकारी आरोग्य केंद्रांत असंच केलं, मानसशास्त्र न शिकलेल्या स्थानिक माणसांना ट्रेनिंग देऊन सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम. त्यात विचारांपेक्षा कृतीवर भर, म्हणजे माणसाला परत हळूहळू कामाला, माणसांत आणायचं. ४९५ पेशंट होते, तीन महिन्यांनी ज्यांना हे मिळालं त्यांच्यातले ६४ टक्के डिप्रेशनच्या रेषेखाली आले, बाकीच्यांतले ३९ टक्के. हे २०१७ चं, लॅन्सेटमधलंच. ज्यांना विचार पकडणं जड जातं त्यांच्याशी तुम्ही पण आधी कृतीनं सुरुवात करा, विचारांचं नंतर.

संस्कृती म्हणजे यादी नव्हे हे पण लक्षात ठेवा. ‘मुस्लिम पेशंट असा असतो, लिंगायत तसा असतो’ असं डोक्यात घेऊन बसलात तर समोरचा माणूस दिसणारच नाही, एकाच गल्लीतली दोन मराठी घरं एकसारखी नसतात. विचारा. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, २०१३ पासून सोळा प्रश्नांची एक मुलाखत दिलेली आहे यासाठीच, त्यातल्या माझ्या आवडत्या प्रश्नाचा मथितार्थ असा: तुमच्या घरातली माणसं या त्रासाला काय म्हणतात, आणि तो कशामुळं झाला असं त्यांना वाटतं? या एका प्रश्नावर मी अख्खी भेट घालवलेली आहे आणि ती कधी वाया गेली नाही.

भाषेबद्दल शेवटचं. पहिल्या मिनिटाला विचारा, कुठल्या भाषेत बोलू? आपल्या भागात १९५६ ला राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली तेव्हापासून भाषा ही नुसती भाषा राहिलेली नाही, कुठल्या काउंटरवर कुठल्या भाषेत तोंड उघडायचं याचं दडपण माणूस घेऊनच आत येतो, त्याला खुर्चीत बसल्या बसल्या मोकळं करा. तुमचं कन्नड मोडकं असलं तरी बोला, चुकलं तर पेशंटच दुरुस्त करतो आणि तिथं तो तुमच्यापेक्षा जाणता होतो, त्याचा फायदाच होतो. फक्त दहा वर्षांच्या पोराला आईचं दुखणं भाषांतर करायला बसवू नका, कितीही घाई असली तरी.

आणि कर्ज, पाऊस, बंद पडलेला माग हे विचारातले दोष नाहीत. तिथं आधी अडचण सोडवायला बसा, कुठला कागद, कुठलं ऑफिस, कोण सोबत येईल.

प्रश्न: चिकोडी तालुक्यातनं लिहितोय. मुलगा २२ वर्षांचा, पोलीस भरतीत दोनदा राहिला, दोन महिने खोलीतनं बाहेर नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, कौन्सेलिंग चालू आहे. त्याची आई देवर्षीकडं जाऊन आली, पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माला घेऊन जाणार म्हणते. कौन्सेलर म्हणाले असलं सगळं बंद करा. घरात रोज भांडण. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोन्ही चालू ठेवा, भांडण बंद करा. दोन महिन्यांत पोरगा पहिल्यांदा एसटीत बसणार असेल, डोंगर चढणार असेल, चार माणसांत प्रसाद घेणार असेल तर ती कौन्सेलिंगला मदतच आहे, कौन्सेलरना तसं सांगा आणि पुढच्या भेटीला आईला पण आत बसवा म्हणावं. देवर्षीनं मारलं, उपाशी ठेवलं, गोळ्या बंद करा म्हटलं, की तिथंच थांबायचं, यात तडजोड नाही.

पोरगा मरणाबद्दल बोलायला लागला, कुणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणाला, किंवा जेवण-झोप पार तुटली तर सौंदत्ती नंतर, आधी मानसोपचार डॉक्टर. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे. रात्री-अपरात्री १४४१६ लावा, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा मिळतात.

पौर्णिमेला निघताना गोळ्यांची पट्टी आईच्याच पिशवीत द्या, तिच्या हातानं दिली तर तो घेईल. परतीची गाडी रात्रीची घेऊ नका, त्याची झोप मोडायला नको.